लाल ठिपक्याचा डबा

बेरिल एंट्विसलने मार्जरीनचा, म्हणजे पावाला लावायच्या नकली लोण्याचा, रिकामा डबा धुतला तो मंगळवार होता, आणि त्या दिवशी थॉर्नक्लफ गावात सांगण्यासारखं दुसरं काहीही घडलं नाही. सकाळी पाऊस होता, दुपारी जरा दमला, चहाच्या वेळी पुन्हा ताजातवाना होऊन आला. शहरातल्या ग्रंथालयात काम करणारी तिची मुलगी रूथ दर मंगळवारी जेवायला यायची, तशी आली होती. टेबलावर ओव्हनमध्ये शिजवलेलं मटण-बटाट्याचं हॉटपॉट होतं, लाल कोबीचं लोणचं होतं, आणि भिंतीवरच्या फळीवर घड्याळामागे ते पाकीट होतं.

पाकीट सरकारी आरोग्यखात्याचं. ठरावीक वय झालं की ते दर दोन वर्षांनी न मागता घरी येतं. आत बोटभर बाटली, तिच्या झाकणाला काडी. काडीने आपल्या शौचाचा किंचितसा नमुना घ्यायचा, बाटली घट्ट लावायची, तारीख घालायची आणि पोस्टाच्या पेटीत टाकायची. आतड्याच्या कॅन्सरची सुरुवात माणसाला कळत नाही, ती तिकडे प्रयोगशाळेत कळते. बेरिल हे काम नाताळच्या शुभेच्छापत्रांसारखं उरकायची. आलं, केलं, टाकलं. नवऱ्याची, नॉर्मनची, पाकिटं मात्र घड्याळामागे जायची आणि तिथून पुढे त्यांचं काय व्हायचं ते घड्याळालाच ठाऊक.

"उद्या सकाळी," बेरिल म्हणाली.

"बघू."

"त्यात बघायचं काय? करायचंय. नीट बघायचं काम तिकडचे लोक करतात."

"बेरिल, मी जन्मभर या गावचं टपाल वाहिलं..."

"झालं सुरू," बेरिल रूथकडे बघून म्हणाली आणि तिला आणखी बटाटे वाढले.

नॉर्मन एंट्विसल हे निवृत्त पोस्टमन होते, म्हणजे त्यांच्या मते पोस्टमनच होते, फक्त पिशवी काढून ठेवलेली. टपालाविषयी ते बोलू लागले की त्यांचा आवाज चर्चमध्ये येतो तसा यायचा. त्यांनी या गावात खारवलेले मासे पोचवले होते, लग्नाचे केक पोचवले होते, एकदा तर डबीत गुणगुणणारी जिवंत राणीमाशी पोचवली होती. "पण कुणी भल्या माणसाने," ते काटा उगारून म्हणाले, "आपलं असलं काही माझ्या पिशवीत घातलं नाही. आणि मी ते दुसऱ्या पोस्टमनच्या पिशवीत घालणार नाही. काही इज्जत असते खात्याची."

"इज्जत राहू दे. डबा मी देते तुला. त्यात धरायचं, मग काडी..."

"जेवताना, बेरिल!"

"मग केव्हा सांगू? जेवण झालं की तू घोरतोस." तिने उठून सिंकखालच्या डब्यांच्या मनोऱ्यातला वरचा डबा काढला, गरम पाण्याने धुतला, आणि बुडाला आपल्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. "हा तुझा. घोटाळा नको. नाहीतर तू उद्या यातच बेकनची चरबी ओतून ठेवशील."

निघताना दारात तिने रूथला मफलर गुंडाळला. "तुझी ती तपासणी झाली का? बाईमाणसाची?"

"पुढच्या आठवड्यात आहे, आई."

"पोचलीस की फोन कर. दोनदा वाजवून ठेव, उगाच बोलत बसू नकोस."

एंट्विसलांच्या घरात माया ही अशीच दिली-घेतली जायची, मफलर, बटाटे आणि तपासण्यांच्या रूपाने. रूथने जाडजूड कादंबऱ्यांमधून माणसं एकमेकांना काय काय म्हणतात ते भरपूर वाचलं होतं. या घरात त्यातलं एक वाक्य उच्चारलं असतं तर सगळ्यांनी तिला ताप आहे का ते पाहिलं असतं. घरी पोचल्यावर तिने फोन दोनदा वाजवून ठेवला.

रात्री दिवा मालवताना बेरिल नवऱ्याच्या उजव्या कानात म्हणाली, "डबा धुऊन ठेवलाय." डाव्या कानाने नॉर्मनना ऐकू येत नसे, म्हणून ती लग्नापासून उजव्या बाजूला झोपायची. ते म्हणाले, "हं." सकाळी ती उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

आता अशा प्रसंगी एखादी बाई जाताना काहीतरी सुंदर बोलून जाते. पाद्रीबाबांची तशी खात्रीच होती. ते वही उघडून बसले आणि हळुवार आवाजात म्हणाले, "नॉर्मन, तिचे अखेरचे शब्द सांगता येतील का? प्रवचनात घेईन म्हणतो."

नॉर्मननी रूथकडे पाहिलं. रूथने गालिच्याकडे पाहिलं.

"घरातल्या एका वस्तूबद्दल बोलली," नॉर्मन शेवटी म्हणाले.

त्यामुळे अंत्यविधीच्या दिवशी सगळ्या थॉर्नक्लफसमोर पाद्रीबाबा वहीतून मान वर करून म्हणाले, "अखेरच्या क्षणीही बेरिलच्या मनात होता तो आपला संसार, आपल्या जोडीदाराची निकड." निकड हा शब्द कानी पडताच नॉर्मनचे खांदे गदगदा हलू लागले. मागच्या बाकावरच्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. शेजारी बसलेल्या रूथला एकटीला माहीत होतं की आपले बाबा रडत आहेत तसेच हसतही आहेत, आणि कुठलं कुठे संपतं ते त्यांचं त्यांनाही कळत नाहीये.

मग चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि हॅमची सँडविचेस झाली. थॉर्नक्लफमध्ये मेलेल्या माणसाची प्रतिष्ठा हॅमच्या जाडीवरून ठरते, आणि बेरिलचं हॅम जाड होतं. इतकं की अर्धं उरलं. उरलेलं हॅम पाहुण्यांबरोबर बांधून द्यायची इथली रीत आहे. न दिलं तर घरच्यांना दुःख झालेलं नाही असा अर्थ निघतो. रूथने घरून सिंकखालचा डब्यांचा मनोरा आणला, ओट्यावर धुऊन ठेवलेला एक डबाही त्यावर ठेवला, डबे भराभर भरले आणि ज्याच्या त्याच्या हातात दिले. बुडं तपासायची असतात हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

दोनेक आठवडे गेले. मग आरोग्यखात्याचं स्मरणपत्र आलं. नमुना अद्याप मिळालेला नाही, असं त्यात सौम्य शब्दांत म्हटलं होतं. नॉर्मननी ते वाचलं, घडी घातली आणि जाहीर केलं, "तिची शेवटची इच्छा आहे. पार पाडायला हवी."

रूथच्या मनावरचं मणाचं ओझं उतरलं. आई गेल्यापासून ती रोज येत होती. बाबा खुर्चीतून उठताना जरा जास्त वेळ लागला तरी ती हातातलं काम टाकून धावायची. हे एवढं पाकीट एकदाचं गेलं तर निदान एका बाजूने तरी मरण चोरासारखं शिरणार नाही, असं तिला वाटत होतं. अर्थात ती म्हणाली एवढंच, "छान. उद्या सकाळी."

"डबा कुठाय?"

"कुठला डबा?"

"माझा डबा, रूथ."

रूथने एक डबा आणून दिला. नॉर्मननी तो उलटा केला. दुसरा दिला, उलटा केला. तिसरा दिला.

"बाबा, सगळे एकाच कंपनीचे आहेत."

"लाल ठिपक्याचा हवा."

रूथला ओटा आठवला, हॅम आठवलं, आणि ती खुर्चीत बसली. "गेला," ती म्हणाली. "कुणाकडे तरी गेला. बाबा, पत्रकात लिहिलंय ना, कुठलाही स्वच्छ डबा चालेल."

"मला नाही चालणार."

दुसऱ्या दिवशी नॉर्मननी खात्याचं जुनं निळं जाकीट चढवलं, पिशवी खांद्याला लावली आणि जन्मभर चाललेल्या रस्त्याने निघाले. प्रत्येक दार ठोठावून एकच प्रश्न: "बेरिलचा डबा द्यायचा राहिलाय का?" रूथ दोन पावलं मागे, पकडलेल्या चोराच्या बायकोसारखी.

लोक हेलावले. पत्नीच्या आठवणीसाठी घरोघर हिंडणारा म्हातारा पाहून कुणाला भरून येणार नाही? थॉर्नक्लफने मनापासून डबे दिले. ज्यांच्याकडे बेरिलचा नव्हता त्यांनी स्वतःचा दिला. एकीने त्यात स्ट्रॉबेरीचा मुरंबा घालून दिला. कुत्र्यांनीही आपला जुना वैरी पोस्टमन ओळखला आणि एकाने आठवणीखातर जाकिटाची बाही धरली. दुपारपर्यंत पिशवी भरली. नॉर्मननी सगळे डबे स्वयंपाकघरात उलटे मांडले. एकावरही ठिपका नव्हता.

तेवढ्यात मागच्या दाराने विनी ऑल्डरॉइड आली. विनी ही शेजारीण. नवरा वारल्यापासून तिला दुसऱ्यांच्या घरात फार काम असायचं.

"नॉर्मन, खरं सांग. कशाला हवाय एवढा डबा?"

"आठवण."

"बेरिलची आठवण म्हणून तिचा सोनेरी ब्रोच आहे, तिचा फोटो आहे. डबा?" विनीची नजर फिरत फिरत घड्याळामागच्या पाकिटावर गेली आणि तिथे स्थिरावली. "अगं बाई! ते होय? एवढंच ना? मी तर आइस्क्रीमचा खोका वापरते. रुंद असतो. नेम चुकत नाही."

"विनी, कृपा कर."

"लाजतोस काय? माझा नमुना तूच नेलास की! दोनदा. कोपऱ्यावरची पेटी कोण रिकामी करायचं? तूच ना?"

नॉर्मन हळूच खुर्चीत बसले. कधीकाळी ज्या पिशवीत राणीमाशी गुणगुणली होती, त्याच पिशवीकडे त्यांनी पाहिलं. "दोनदा?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"आणि बेरिलचे. आणि अख्ख्या रस्त्याचे. तुला काय वाटलं, ती जाड पाकिटं म्हणजे शुभेच्छापत्रं?"

एका माणसाची उभ्या जन्माची खात्याविषयीची श्रद्धा अशी बसल्या जागी ढासळताना रूथने पहिल्यांदाच पाहिली. तिला वाईट वाटलं. हसूही येत होतं, म्हणून ती भांडी घासायला वळली.

पण विनीच्या डोक्यात आता दुसरंच चक्र फिरू लागलं होतं. "थांब," ती म्हणाली. "तो डबा *त्यासाठी* होता. आणि तो डबा हॅम भरून गेला."

"धुतलेला होता!" बापलेक एकदम ओरडले. "वापरला नव्हता!"

व्यर्थ. विनी दाराबाहेर गेली होती, आणि तिच्यापुढे बातमी गेली होती. संध्याकाळी नॉर्मनचा मित्र केन, ज्याचा भाजीचा वाफा त्यांच्या वाफ्याला लागून होता, फाटकातच उभा राहिला. आत येईना.

"नॉर्मन, मी दोनदा घेतलं होतं हॅम."

"बरं मग?"

"मोहरी लावून. मोठ्या चवीने." केनचा चेहरा पडला होता. "मला एवढंच सांग. आधी की नंतर?"

"केन, कधीच नाही! डबा कोरा आहे!"

"मग तू कोरा डबा गावभर का शोधतोयस?"

नॉर्मननी वाफ्यातल्या भाजीचा विषय काढला. केनने जाताना सल्ला दिला की रोपं लावायचा ट्रे वापर, त्याला भोकं असतात, पाणी निथळतं. दुसऱ्या दिवसापासून लोक दिलेले डबे मागायला येऊ लागले आणि परत मिळाल्यावर ते उकळत्या पाण्यात टाकू लागले. मुरंबेवाली मुरंबा मात्र घेऊन गेली नाही.

"बाबा, पुरे झालं," रूथ म्हणाली. "दवाखान्यात जाऊ. पोस्टात टाकायचं नसेल तर तिथे हातोहात देता येतं का विचारू. डब्याचं मग बघू."

थॉर्नक्लफच्या दवाखान्यात डॉक्टर तीन आहेत, पण सत्ता एकीचीच. ती म्हणजे काउंटरवरची पॉलीन क्रॅबट्री. तिच्या परवानगीवाचून तिथे कुणी खोकतसुद्धा नाही. बाकांवर निम्मं गाव बसलं होतं. नॉर्मन काउंटरवर वाकले आणि कुजबुजले.

"जरा मोठ्याने बोला, मिस्टर एंट्विसल."

ते पुन्हा कुजबुजले.

"आतड्याचा नमुना?" पॉलीनने सबंध खोलीच्या सोयीसाठी विचारलं. "तो इथे घेत नाही. तो पोस्टाने जातो. तुम्ही पोस्टमन ना? तुम्हाला मी सांगायचं?"

नॉर्मनचे कान लाल झाले. इज्जत सावरायला माणूस कुठेतरी बघतो, तसं त्यांनी काउंटरवर पाहिलं. तिथे पेशंटांसाठी पेपरमिंटच्या गोळ्या ठेवलेल्या होत्या. मार्जरीनच्या डब्यात. पॉलीनही अंत्यविधीला आली होती, आणि तिनेही हॅम नेलं होतं.

"बाबा, नको," रूथ म्हणाली.

पण त्यांनी डबा उचलून उलटा केला होता. गोळ्या टणाटण उड्या मारत बाकांखाली पसरल्या. बुडाला लाल ठिपका होता, जरासा खरवडलेला, पण तोच.

"मिस्टर एंट्विसल! ठेवा तो खाली! दवाखान्याची वस्तू आहे ती!"

"ही माझ्या बायकोची वस्तू आहे."

"रिकामा डबा? कशाला हवाय तुम्हाला?"

बाकांवर केनही बसला होता, गुडघ्यासाठी आलेला, आणि त्याच्या गालात एक गोळी होती. नॉर्मननी जाकिटाची कॉलर नीट केली आणि बड्या साहेबाला सलाम करतात तसे ताठ उभे राहिले.

"नमुना धरायला," ते म्हणाले.

केनने चोखणं थांबवलं. मग अत्यंत सावकाश, कुणाच्या भावना दुखावणार नाहीत अशा बेताने, त्याने गोळी रुमालात काढली.

घरी आल्यावर नॉर्मननी डबा पुसला आणि फळीवर बेरिलच्या फोटोशेजारी ठेवला. रूथ वाट पाहत राहिली. सकाळ झाली, ती पुन्हा आली. डबा फळीवरच, पाकीट घड्याळामागेच.

"बाबा, आता काय राहिलं?"

नॉर्मन बराच वेळ चहा ढवळत राहिले. साखर ते घेत नसत.

"तिने धुतलेली ही शेवटची वस्तू," ते म्हणाले. "वापरला तर पुन्हा धुवावा लागेल. मग तो मी धुतलेला होईल."

रूथला एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कळलं की हा माणूस गावभर कोरा डबा का शोधत होता. विनीला हे कळलं असतं तर रस्ताभर रुमाल वाटावे लागले असते. रूथने उठून सिंकखालून एक डबा काढला, गरम पाण्याने धुतला, फडक्याने कोरडा केला. आईचं नेलपॉलिश अजून खिडकीतच होतं. तिने बुडाला लाल ठिपका लावला आणि डबा बाबांपुढे ठेवला.

"हा मी धुतलाय," ती म्हणाली.

नॉर्मननी डबा उलटा करून ठिपका पाहिला. मग पाकीट घेतलं आणि जिना चढून गेले. वरून बराच वेळ पावलांचा, नळाचा, आणि एकदा एका अत्यंत असंसदीय शब्दाचा आवाज आला. शेवटी ते खाली आले तेव्हा त्यांच्या हातात बंद केलेलं पाकीट होतं आणि चेहऱ्यावर बाळंतपण सुखरूप झाल्याचा भाव.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी ते दोघं उभे राहिले. पाऊस थांबला होता. समोर विनीच्या खिडकीचा पडदा हलला. तीन दारं पलीकडे केन फाटकाला तेल घालायला बाहेर आला, ज्या फाटकाची कधीच कुरकुर नव्हती. नॉर्मननी पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं सरकवलं आणि तिथेच थांबले.

"आता काय, बाबा? खात्याची इज्जत?"

"ती विनीनेच घालवली." ते पाकिटाकडे बघत राहिले. "रूथ, ह्या तपासणीची उत्तरं मीच पोचवायचो गं. पाकीट पाहून मला कळायचं नाही, पण दार उघडणाऱ्यांना कळायचं. बऱ्याचशांचं काही नसायचं. एखाद्याचं असायचं. दार उघडं टाकून ती माणसं तिथेच उभी राहायची, आणि मी पुढच्या घराकडे वळायचो. आता ते दार आमचं. आत तीही नाही. उघडायचं कुणी?"

म्हणजे हे होतं तर. राणीमाशी नाही, इज्जत नाही, काटा उगारून केलेली भाषणं नाहीत. रूथला वाटलं, घड्याळामागे आजवर किती पाकिटं गेली आणि आईला हे ठाऊक असूनही ती फक्त डबे धूत राहिली. आईची पद्धत तिला येत होती. तीसुद्धा म्हणू शकली असती, मफलर नीट घ्या, बाबा, टाका आणि चला, चहा निवतोय.

"मी उघडेन," ती म्हणाली. "मला तुम्ही हवे आहात, बाबा."

ती हे इतक्या हळू म्हणाली की पेटीलाही ऐकू गेलं नसेल.

"काय म्हणालीस?" नॉर्मननी विचारलं.

रूथने पाहिलं. ती त्यांच्या उजव्या बाजूला उभी होती. चांगल्या कानाच्या बाजूला. ते समोर बघत होते, एक हात पाकिटावर, आणि ओठांच्या कोपऱ्यात तोच भाव होता जो प्रवचनातल्या ‘निकड’ या शब्दाला होता, अर्धा हसण्याचा, अर्धा रडण्याचा.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

विनीची खिडकी उघडली. केनच्या हातातलं तेल फाटकावरून बुटावर ठिबकू लागलं. रूथने मोठा श्वास घेतला आणि सगळ्या रस्त्याला, जमलंच तर त्याच्याही पलीकडे एकीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "मला तुम्ही हवे आहात, बाबा! अजून खूप वर्षं! टाका ते!"